जुगाऱ्याची आई

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त अक्षसूक्त म्हणून ओळखलं जातं. देवांच्या स्तुतींनी भरलेल्या त्या ग्रंथात मध्येच एक जुगारी उभा राहतो आणि स्वतःची कहाणी सांगू लागतो. आता खेळायचं नाही असं तो ठरवतो, सोबती निघाले की मागे राहतो आणि फाशांचा आवाज कानावर पडला की उठून चालू लागतो. बायको दुरावली, सासूला तो नकोसा झाला, रात्री चोरासारखं दुसऱ्यांच्या घरी जायची पाळी आली. या जुगाऱ्याच्या मनाविषयी अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलं आहे. माझं लक्ष मात्र त्याच्या आईबापांकडे जातं. एका ऋचेत बाप, आई आणि भाऊ सांगतात की हा कोण ते आम्हाला ठाऊक नाही, याला बांधा आणि न्या. सहा ऋचा पुढे गेलं की दिसते ती पोरगा कुठे भटकत असेल या विचाराने जळणारी आई. ज्या तोंडाने 'न्या' म्हटलं त्याच बाईचं हे झुरणं, आणि सूक्तकर्त्याला त्यात काही विसंगत वाटलेलं नाही. शेवटाकडे सविता त्या जुगाऱ्याला सांगतो, फासे टाक, शेत कर.

ज्या घरात व्यसनी मूल आहे त्या घराला यातलं काहीच जुनं वाटणार नाही. मी कुर्ल्यात राहतो. इथे हे सूक्त रोज कुठल्या ना कुठल्या दाराआड घडत असतं. पोरगा मोरीत नको तितका वेळ लावतो. काळी पडलेली पन्नी गादीखाली सापडते. माळ्यावरचे पितळी डबे कधी उतरले आणि कोणत्या भंगारवाल्याकडे गेले हे आई आता विचारत नाही, कपाटाची किल्ली तेवढी पदराला बांधून झोपते. पोरगा एमडी, म्हणजे मेफेड्रोन, घेणारा असला तर घराचं रूप निराळं. दोन-दोन रात्री झोप नाही, ताटाला हात नाही, बोलण्याचा झपाटा अफाट, आणि मग एके पहाटे तो खिडक्या लावून घेतो, कारण त्याच्या मते समोरच्या गच्चीवर कोणीतरी पाळत ठेवून आहे. शेजारणीने विचारलं तर आई सांगते, कावीळ झाली होती, म्हणून असा उतरलाय. कावीळ, टायफॉइड, कामावरचा ताण, नजर लागणं. ही चारही कारणं मी एकाच बाईच्या तोंडून वर्षभरात ऐकली आहेत आणि प्रत्येक वेळी तिच्याशी खरं बोलायचं माझंही धाडस झालेलं नाही.

उपचाराचा शोध पहिली काही वर्षं असा गुपचूप चालतो. त्या गुपचूपपणाची एक बाजारपेठ आहे. हार्बर लोकलच्या डब्यात, दाराच्या वरच्या पत्र्यावर, बंगाली बाबांच्या जाहिरातींच्या रांगेत एक स्टिकर हमखास असतो: दारू सोडवा, पिणाऱ्याला न सांगता. खाली मोबाइल नंबर. चहात किंवा आमटीत टाकायची पुडी पोस्टाने घरी येते. तिच्यात काय आहे हे विकणारा सांगत नाही. दारू सोडवण्यासाठी डॉक्टर जे डायसल्फिराम देतात ते रुग्णाला सांगून, त्याची तयारी असेल तरच देतात, कारण ते पोटात असताना दारू प्याली तर शरीरात ॲसिटाल्डिहाइड साचतं, चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, एखाद्याच्या जिवावरही बेततं. ज्याला आपल्या पोटात काय गेलंय हेच ठाऊक नाही, तो पिणारच. पुडी टाकणाऱ्या आईला वाटतं आपण औषध देतोय. तिला दोष कसा द्यायचा? तो स्टिकर तिला रोज दिसतो, आणि सायनच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे हे सांगणारा स्टिकर त्या डब्यात कुठेच नसतो.

दुसरा घरगुती उपाय म्हणजे कोंडणं. बाहेरून कडी लावायची, दोन वेळचं ताट आत सरकवायचं, आठ दिवस तोंड दाबून सोसायचं. ब्राउन शुगरच्या बाबतीत हे आठ दिवस फार वाईट जातात. नाकाडोळ्यांतून पाणी, हाडं फुटल्यासारखी दुखणं, उलट्या-जुलाब, अंगावर काटा. मुंबईत याला टर्की म्हणतात. धडधाकट माणूस त्यातून सहसा जगतो, पण हे सोसायची काही गरज नसते, कारण त्यावर औषधं आहेत. दारूचं तसं नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट येऊ शकते, भास होऊ लागतात, माणूस वाताच्या झटक्यात दगावतो. झोपेच्या गोळ्यांचंही तेच, ज्यांना आमच्याकडे बटण म्हणतात. म्हणजे ज्या दोन व्यसनांत कोंडून घालणं जिवावरचं आहे, त्यातली दारू घराला सर्वांत ओळखीची, आणि म्हणूनच तिच्याबद्दल घर सर्वांत निर्धास्त असतं. कडी लावण्याआधी ही एवढी माहिती प्रत्येक आईबापाच्या कानावर गेली तरी काही पोरं वाचतील, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आणि मग कोणीतरी नंबर देतं. गाडी येते, चार दणकट माणसं उतरतात, पोरगा झोपेत असतानाच त्याला उचलून नेतात. शहराबाहेर कुठेतरी बंगला असतो, तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरायचे असतात आणि पहिला महिना भेट बंद. अक्षसूक्तातलं 'बांधा आणि न्या' इथे अक्षरशः घडतं. माझ्या परिचयाच्या एका बापाने हे केलं. गावची जमीन विकून आलेले पैसे होते. भेटीच्या दिवशी मुलगा समोर बसला आणि बापाच्या चपलांकडे पाहत राहिला, बोलला काहीच नाही. घरी आणल्यावर पुढे किती तरी दिवस दाराची बेल वाजली की तो आतल्या खोलीत सरकायचा. नशा तीन महिने सुटली होती ती तीन आठवड्यांत परत आली. उपचार या शब्दाचीच त्याला जी धास्ती बसली ती मात्र गेली नाही. पुढच्या खेपेला खरा डॉक्टर समोर आला तरी तो त्याला त्या चौघांतलाच एक वाटला.

सक्ती कधीच करू नये असं मी म्हणणार नाही. पोरगा गळफास घ्यायला निघालाय, आईवर सुरी धरतोय, अन्नपाणी सोडून पडलाय, अशा वेळी त्याच्या होकाराची वाट पाहणं क्रूरपणाचं ठरेल. त्यासाठी कायद्याने रस्ता ठेवलेला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे उद्भवणाऱ्या मानसिक अवस्थांना आजारांतच धरलं. कलम ८९ नुसार घरच्या प्रतिनिधीच्या अर्जावर दाखल करून घेता येतं, पण आधी दोघांनी तपासायला हवं, त्यांतला एक मनोविकारतज्ज्ञ असायलाच हवा, मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची आणि दाखल केल्याची खबर पुनर्विलोकन मंडळाला द्यावी लागते. माणसाला साखळीने बांधायला या कायद्याने पूर्ण बंदी आहे. मूल अठराच्या आतलं असेल तर त्याला मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं आणि आईबापांपैकी किंवा त्यांनी नेमलेल्यांपैकी कोणीतरी पूर्ण वेळ त्याच्यासोबत राहायचं. भेट बंद हा नियम सांगणाऱ्या केंद्राला पंधरा-सोळा वर्षांच्या पोराची आई याच तरतुदीवर बोट ठेवून जाब विचारू शकते. केंद्राची नोंदणी दाखवा, असंही ती म्हणू शकते.

आईबापांना खरी भीती असते ती पोलिसांची. दवाखान्यात नाव लिहिलं तर केस होईल, नोकरी लागणार नाही, पासपोर्ट मिळणार नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात सेवन हा गुन्हा आहे, हे खरंच. २०१५ मध्ये मेफेड्रोन, म्हणजे एमडी, याच कायद्याखाली आलं. पण त्याच कायद्यात कलम ६४अ आहे, आणि ते कुर्ल्याच्या कोर्टाबाहेर वकील शोधत उभ्या असलेल्या बापांना कोणी सांगत नाही. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात जवळ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस सरकारी, पालिकेच्या किंवा सरकारमान्य संस्थेत आपण होऊन उपचार घेत असेल तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही, उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण जाऊ शकतं. दवाखाना पोलिसांकडे नेतो ही समजूत कायद्याच्या नेमकी उलटी आहे.

मराठी मनात व्यसनाची जी गोष्ट रुतून बसली आहे ती बायकोची आहे. राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' त्यांच्या मृत्यूनंतर महिन्याच्या आत, फेब्रुवारी १९१९ मध्ये, रंगभूमीवर आलं आणि सिंधू घरोघर पोचली. सोसणारी, शेवटपर्यंत नवऱ्याची बाजू न सोडणारी सिंधू पुढच्या तीन पिढ्यांना दारूड्याच्या बायकोचा नमुना म्हणून पुरली. व्यसनी मुलाच्या आईची अशी गोष्ट आपल्याकडे नव्हती, कारण पिणारा म्हणजे कर्ता पुरुष हे गृहीत होतं. ते मोडलं १९८० नंतर. ब्राउन शुगर आली ती कॉलेजातल्या, नाक्यावरच्या, विशीच्या आतबाहेरच्या पोरांमध्ये. मुंबईत त्याच सुमारास, १८ जानेवारी १९८२ ला, गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांची घरं हलली. कुर्ल्यात स्वदेशी मिल होती, जी जमशेटजी टाटांनी १८८६ मध्ये बुडीत निघालेली धरमसी मिल घेऊन उभी केली होती. प्रीमियरची मोटार इथे बनायची. बापाच्या ओळखीने मुलगा चिकटायचा, ही या वस्त्यांची रीत होती. ती रीत संपत चालली तेव्हाच पुडी आली. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणत नाही, पण दोन्ही एकाच पिढीच्या वाट्याला आलं.

अनिल अवचटांचं 'गर्द' हे पुस्तक या काळातलं. त्यांनी पोरांशी बोलून, त्यांच्या घरी जाऊन लिहिलं, आणि मराठी वाचकाला पहिल्यांदा पोराच्या नशेने खचलेला बाप समोर दिसला. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे हलले, त्यांनी व्यसनमुक्ती केंद्रासाठी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ ला मुक्तांगण हे केंद्र सुरू झालं. वांद्र्यात फादर जो परेरांचं कृपा फाउंडेशन त्याआधी पाच वर्षं, १९८१ मध्ये, उभं राहिलं होतं. मुक्तांगणात पस्तीस दिवसांचा निवासी उपचार असतो, आणि आपल्याकडे लोकांच्या लक्षात तेवढेच पस्तीस दिवस राहिले आहेत. मला त्या कामात मोलाची वाटते ती त्याच्या भोवतालची मांडणी. घरच्यांशी बोलणं, बायकांचा स्वतंत्र गट, बाहेर पडल्यावरचा पाठपुरावा, आणि व्यसनातून बाहेर आलेल्यांनीच नव्यांचा हात धरणं. डॉ. अनिता १९९७ मध्ये कर्करोगाने गेल्या, पुढे त्यांच्या कन्येने, मुक्ता पुणतांबेकरांनी, ते काम चालवलं. नाटकातली सिंधू सोसत राहिली. इथे ती दुसऱ्या सिंधूंच्या सोबत बसून बोलू लागली.

पण मुक्तांगणाच्या दारापर्यंत पोरगा जाणार कसा? 'त्याची स्वतःची इच्छा असल्याशिवाय काही उपयोग नाही' हे वाक्य आईबाप डॉक्टरांकडून, नातेवाइकांकडून, पूर्वी पिणाऱ्या काकांकडून इतक्या वेळा ऐकतात की ते हात बांधून बसायला शिकतात. याचंच दुसरं रूप म्हणजे, तळ गाठू दे, मग आपोआप येईल. महाभारतात दुर्योधन जन्मला तेव्हा विदुराने धृतराष्ट्राला हेच सांगितलं होतं, कुळासाठी एकाला सोड. धृतराष्ट्राला ते जमलं नाही आणि पुढे त्याने पोराचं काहीच अडवलं नाही. आपल्याकडचे व्यसनी मुलांचे बाप बहुतेक या दोघांमध्ये हेलकावे खातात. सोमवारी 'मेला तरी चालेल' आणि गुरुवारी पोराची उधारी फेडायला नाक्यावर. तळ गाठू देणं हे तर मला कधीच पटलेलं नाही. ब्राउन शुगरच्या पोराचा तळ अनेकदा प्लॅटफॉर्मच्या टोकाला, रुळांशेजारी असतो आणि तिथून कोणी परत येत नाही.

इच्छा नसलेल्या माणसाच्या घरच्यांचं काय करावं, याचा नीट विचार अमेरिकेत रॉबर्ट मेयर्स या मानसशास्त्रज्ञाने केला. त्याच्या पद्धतीला क्राफ्ट म्हणतात. १९९९ मध्ये त्याने आणि विल्यम मिलर यांनी एक अभ्यास छापला. उपचाराला साफ नकार देणाऱ्या दारूड्यांच्या १३० जिवलगांना तीन प्रकारच्या मदतीत विभागलं होतं. एका गटाला अल-अनॉन या नातेवाइकांच्या मंडळाच्या वळणाची मदत मिळाली, म्हणजे नातेवाइकाने स्वतःला सावरायचं, पिणाऱ्याला बदलण्याचा ध्यास सोडायचा. दुसऱ्यात सगळ्या घराने मिळून त्याला एकदाच समोर बसवून सुनवायचं, आपल्याकडे भाऊबंदांची बैठक बसते तसं. तिसरा गट क्राफ्टचा. पहिल्या गटात १३ टक्के पिणारे उपचाराला आले, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात ६४. अल-अनॉनवर हा आकडा टीका म्हणून वाचू नये. पिणाऱ्याला उपचारापर्यंत आणणं हे त्या मंडळींचं ध्येयच नाही, आणि त्या सभांमधून किती तरी आया जिवंत माणसांसारख्या जगायला लागल्या आहेत. भाऊबंदांच्या बैठकीबद्दल मात्र हा आकडा बरंच सांगून जातो. पुष्कळ घरांत ती बैठक शेवटपर्यंत निभावतच नाही, माणसं भांडून उठतात किंवा बसायचीच टाळतात.

क्राफ्टमध्ये शिकवतात त्या गोष्टी ऐकायला अगदी साध्या वाटतात. पोरगा नशेत असताना काहीही बोलायचं नाही, ताट झाकून ठेवायचं आणि आपण झोपायचं. तो शुद्धीवर, बऱ्या मनःस्थितीत असेल ती वेळ हेरायची, आणि त्या वेळी त्याच्यासोबत बसून चहा प्यायचा, क्रिकेट बघायचं, हवं ते त्याला आवडीचं करायचं. सल्ला नको, टोमणा नको. आपल्या घरांत नेमकं उलटं चालतं. रात्री अडीचला आरडाओरडा आणि सकाळी तो माणसात असतो तेव्हा अबोला. नशेचे जे परिणाम त्याचे त्याला भोगायचे आहेत ते आपण पुसायचे नाहीत. त्याच्या मालकाला 'ताप आलाय' असा फोन करायचा नाही, उधारी फेडायची नाही. मारहाण होत असेल तर आधी स्वतःचा जीव वाचवायची तजवीज करायची. आणि आईने स्वतःचं काही सुरू ठेवायचं, भिशी असो, भजनी मंडळ असो, बहिणीकडे जाणं असो.

आमच्या इमारतीतली ती कावीळवाली बाई यातलं काही शिकलेली नव्हती. पण तिने एक गोष्ट केली, तिच्या स्वतःच्या अकलेने. रोज सकाळी साडेनवाला मुलगा उठला की ती त्याच्यासमोर पोह्यांची बशी ठेवून तिथेच बसायची, हातात भाजी निवडायला घेऊन. व्यसनाबद्दल अक्षर नाही. आधी तो बशी घेऊन आत जायचा. नंतर तिथेच बसून खाऊ लागला. एका सकाळी त्याने विचारलं, सायनला काय करतात गं? मित्र गटारात पडून मेला होता, त्याला चार दिवस झाले होते. तिने भाजीचं ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, चल. ते दोघं कुर्ला स्टेशनवरून एकच स्थानक पुढे गेले, रुग्णालयात पोचले तेव्हा केस पेपरची खिडकी बंद झाली होती. उद्या या. तो उद्या गेला नाही. पुढची संधी यायला सात महिने लागले, आणि त्या वेळी तिने ओपीडीचे वार आणि वेळा कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावून ठेवलेल्या होत्या.

म्हणून मी म्हणतो की उपचाराचा शोध पोराने हो म्हटल्यावर सुरू करून चालत नाही. हो म्हणणं काही तासांपुरतं असतं. त्याआधी आईने किंवा बापाने त्या दारात जाऊन आलेलं असायला हवं, एकटं. कुर्ल्याचं भाभा, घाटकोपरचं राजावाडी, सायनचं लोकमान्य टिळक, परळचं केईएम, ही सगळी पालिकेची रुग्णालयं लोकलच्या तिकिटात पोचण्याजोगी आहेत. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ वर आहे, मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६ वर, आणि या दोन्हींवर घरच्यांनी फोन केला तरी चालतो. पोराला न घेता गेलेल्या बापाला डॉक्टरने 'पेशंट कुठे?' असं विचारून परत पाठवणं, हे मी अनेकांकडून ऐकलं आहे. पेशंट समोरच उभा असतो. दोन वर्षं न झोपलेला, रक्तदाब वाढलेला, धाकट्या मुलीच्या शाळेत फिरकायचं विसरलेला.

'एम्स'ने देशभर केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असं आढळलं की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळालेला असतो, आणि रुग्णालयात राहून उपचार घेतलेला १८० जणांत एक. त्याच पाहणीत हुंगायच्या पदार्थांबद्दल एक वेगळी गोष्ट निघाली. व्हाइटनर, थिनर, सोल्यूशन ही एवढीच नशा अशी आहे जिचं प्रमाण मोठ्यांपेक्षा दहा ते सतरा वयाच्या मुलांत जास्त आहे, मोठ्यांत ०.५८ टक्के तर मुलांत १.१७. कुर्ल्याच्या पुलाखाली रुमाल नाकाशी धरून बसलेली पोरं आपल्याला दिसतात ती त्यांतली. त्यांच्यातल्या अनेकांना शोधत फिरणारी आईही नसते, आणि हा लेख त्यांच्यापर्यंत पोचत नाही याची मला जाणीव आहे.

आता राहिलं शेत. नेहरूनगरच्या एसटी आगारातून रात्री कोकणात आणि घाटावर गाड्या सुटतात. गणपती नाहीत, मे महिना नाही, आणि विशीतला एक पोरगा बॅग मांडीवर घेऊन खिडकीशी बसलाय, शेजारी मामा, खाली आई उभी राहून मामाला काहीतरी हळू आवाजात सांगतेय, हे दिसलं की ओळखावं. गावाला पाठव, बैलामागे चालला की उतरेल, हा सल्ला सवित्याने दिला तोच आहे. सुशिक्षित लोक त्याला हसतात. हसण्यासारखं त्यात काही नाही. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन सैनिक मोठ्या संख्येने हेरॉइन घेऊ लागले. १९७१ च्या सुमारास परतणाऱ्यांचा ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी माग घेतला. तिथे असताना साधारण पाचांतला एक स्वतःला पूर्ण व्यसनी म्हणत होता. घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यातले पाच टक्केच पुन्हा व्यसनात अडकले. जागा बदलली, सोबत बदलली, पुडी देणारा हात नाहीसा झाला, आणि बहुतेकांची नशा मागे राहिली.

पण सैनिक नशेच्या जागेवरून आपल्या घरी गेले. आमच्या पोराचं घरच नशेच्या जागी आहे. गावाहून तो दोन महिन्यांनी अंगाने भरून, उन्हाने रापून परत येतो तो त्याच गल्लीत, त्याच पानटपरीसमोर. यात एक धोका आहे, जो सांगितल्याशिवाय कळत नाही. ब्राउन शुगरची शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वी जेवढी पचायची तेवढीच त्याने पहिल्या दिवशी ओढली किंवा टोचून घेतली तर श्वास थांबू शकतो. बरा होऊन आलेला मुलगा आठ दिवसांत गेला, हे आपण ऐकतो त्याचं कारण बहुधा हेच असतं. अफूच्या वर्गातल्या नशांसाठी ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन डॉक्टरच्या देखरेखीखाली दीर्घकाळ देण्याची पद्धत याचसाठी आहे. एक नशा सोडून दुसरी लावली, असं म्हणत घरची माणसं ती औषधं बंद करायला लावतात. त्यांनी तसं करू नये. मधुमेह्याचं इन्सुलिन आपण बंद करायला सांगत नाही.

परतल्यावर पोराला काय मिळतं, हे गडकऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी पाहिलं होतं. सिंधूचा नवरा सुधाकर दारू सोडतो, काम मागायला जुन्या ओळखीच्यांच्या दारी जातो, तिथे त्याचा पाणउतारा होतो, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. 'एकच प्याला'ची चर्चा नेहमी पहिल्या घोटाची होते. मला या दुसऱ्या घोटाचं फार वाईट वाटतं, कारण तो टाळता येण्यासारखा होता. कुर्ल्यात आज ज्याला सोडायचीय त्याला काम देणारा गॅरेजवाला, सकाळची शिफ्ट देणारा कुरियरवाला, 'परत ये' म्हणणारा क्रिकेटचा संघ, यांची किंमत कुठल्याही औषधाइतकी आहे. ॲल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा मुंबईत मराठीतही भरतात. तिथे चहाच्या कपावर जी ओळख होते ती पुष्कळदा नाक्यावरच्या ओळखीची जागा घेते.

आणि तो पुन्हा घेईल. बहुतेक जण एकदा तरी घेतात. त्या दिवशी आई गटात गेली पाहिजे, पोरगा गेला नाही तरी. पण कोणत्या गटात? कुर्ला म्हणजे पालिकेचा एल विभाग, २०११ च्या जनगणनेत नऊ लाखांच्या आसपास वस्तीचा. इथले आईबाप घरकाम, रिक्षा, हातगाडी, सेल्सची नोकरी, भायखळ्याचा भाजीबाजार यांत दिवस घालवतात, आणि ओपीडी सकाळची असते. एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी. दर आठवड्याला खाडा करून कोणीही वर्षभर समुपदेशनाला येणार नाही, आणि हे काम वर्षाचं आहे. त्यासाठी नवी इमारत नको. पालिकेचे काही दवाखाने संध्याकाळीही असतात. त्यांतल्या एका खोलीत आठवड्यातून दोनदा, सात ते नऊ, मराठी, हिंदी आणि उर्दूत बोलू शकणारा एक समुपदेशक बसला पाहिजे, आणि पोरगा सोबत नसला तरी आईच्या नावाने, बापाच्या नावाने केस पेपर निघाला पाहिजे.